फ्लॅपच्या दांडीवरचा हात

माझ्या नणंदेला घरात सगळे सुई म्हणतात. लहानपणी अंगाने काडी आणि बोलणं टोचणारं, म्हणून सासूबाईंनीच ठेवलेलं नाव. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत जात होती आणि ताटाशेजारी विमानाचं चित्र ठेवून जेवायची. मी म्हटलं, "अगं, अन्नाकडे बघून जेवावं." तर म्हणाली, "वहिनी, अन्न कुठे पळून जातंय?"

रोज सकाळी देवाचं आटोपलं की मी वहीत चार ओळी लिहिते. घरात कोण आलं-गेलं, काय बिघडलं, कुणासाठी काय मागितलं. सुईबद्दल त्यात तुटक तुटक पुष्कळ आलं आहे. आज ते सलग लिहायला बसले, कारण गेल्या आठवड्यात ते एकदाचं पुरं झालं. कुणी कुणाला क्षमा केली, असं काही यात सापडणार नाही, हे आधीच सांगते.

सुई पायलट झाली. खांद्यावर पट्ट्या लावून पहिल्यांदा घरी आली तेव्हा यांनी, म्हणजे तिच्या दादाने, दुकान बंद ठेवलं होतं. यांचं चष्म्याचं दुकान आहे. दुकान बंद ठेवणं ही यांची आनंदाची सर्वात मोठी उडी. तिच्या कंपनीत एक ज्येष्ठ कॅप्टन होते. भरघोस मिशा, भारदस्त आवाज. आमच्या घरात आता त्यांचं नाव कुणी घेत नाही, नुसतं "मिशा" म्हणतात. पण तेव्हा ते मोठ्या मानाने एकदा चहाला आले होते. खुर्चीत रेलून वादळात विमान कसं उतरवलं ते सांगू लागले. एका हाताने ढग दाखवत होते, दुसऱ्या हाताने साखर घालत होते, आणि साखर म्हणून शेजारच्या वाटीतलं मीठ घालत होते. मी "अहो" म्हणेपर्यंत दोन चमचे पडले. कप तोंडाला लावला आणि तोंड वाकडं करून म्हणाले, "वहिनी, तुमच्याकडची साखर जरा वेगळी आहे." चूक साखरेची. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो.

पुढचं समजायला थोडं विमानाबद्दल सांगायला हवं. सुईने मला ते एकदा चालत्या गाडीत शिकवलं. म्हणाली, "खिडकीबाहेर हात धरा, वहिनी. सपाट. आता बोटं खाली वाकवा." बोटं वाकवली तर हात आपोआप वर उचलला गेला. विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेला अशाच वाकणाऱ्या पट्ट्या असतात, त्यांना फ्लॅप म्हणतात. वेग कमी असतो तेव्हा, म्हणजे चढताना आणि उतरताना, विमानाला हवेत तोलून धरायचं काम त्यांचं. वेग आल्यावर त्या टप्प्याटप्प्याने आत घ्यायच्या. घाईने घेतल्या तर विमान खाली बसतं. हे सगळं एका दांडीवर. तिथून थोड्याच अंतरावर दुसरी दांडी, चाकं पोटात घ्यायची. हाताला फरक कळावा म्हणून एकीची मूठ चाकासारखी गोल, दुसरीची पंखासारखी चपटी. न बघताही कळावं, अशी सोय.

आणि त्यांच्यात रीत अशी, की एक जण विमान चालवतो, तो तोंडाने सांगतो, आणि शेजारचा दांड्या हलवतो. त्या दिवशी चालवत होती सुई. शेजारी मिशा.

जमीन सुटली. सुई म्हणाली, "गिअर अप." म्हणजे चाकं आत घ्या. मिशांचं वादळ चालू होतं. खरं तर दहा हजार फूट गाठेपर्यंत कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही, असा विमानवाल्यांचा कडक नियम. पण ज्येष्ठांना कोण टोकणार? गोष्ट सांगता सांगता हात गेला आणि चपटी मूठ धरून दांडी वर सरकली. चाकं बाहेरच राहिली, फ्लॅप आत गेले, आणि माणसांनी भरलेलं विमान पायरी चुकल्यासारखं खाली आलं. सुईने नाक थोडं खाली दाबलं, इंजिनांना होता नव्हता तेवढा जोर दिला, आणि घरांच्या गच्चीवरच्या टाक्या अंगावर यायला लागल्या असताना विमान सावरलं. मागे कुणाच्या कपाळाला खोक पडली, कुणाची मान लचकली. पण सगळे जिवंत.

सुई म्हणाली, परत फिरू. मिशा म्हणाले, "कशाला? काही झालेलं नाही. चला पुढे." लांबचा प्रवास होता. कॉकपिटमधलं बोलणं टिपणारं यंत्र जुनं, त्यात थोडंच मावायचं, मग जुन्यावर नवीन चढायचं. पोचेपर्यंत तिचं "गिअर अप" पुसलं गेलं होतं. दांडी हलली ही नोंद राहिली. ती कुणाच्या सांगण्यावरून हलली, हे सांगायला फक्त दोन तोंडं उरली.

चौकशीत मिशा म्हणाले, "तिने फ्लॅप वर घ्यायला सांगितले. घाबरली होती पोरगी. माझी चूक एवढीच, की मी तिच्यावर विश्वास ठेवला."

किती सभ्य वाक्य. ऐकणाऱ्याला वाटावं, काय मोठ्या मनाचा माणूस. त्यांना समज मिळाली आणि सुईला विमानातून उतरवलं. ती घरी आली, गणवेशाचा पांढरा शर्ट माझ्यापुढे टाकला आणि म्हणाली, "वहिनी, याची फडकी करा."

मी खरंच केली. तिला वाटलं नव्हतं. पण मी म्हटलं, पेटीत जपून ठेवला तर रडायला होईल, ओटा पुसायला घेतला तर रोज राग येईल. आम्हाला रागच हवा होता.

यांचं म्हणणं वेगळं. "सोडून दे," म्हणाले. "दुसरं काहीतरी कर. डूख धरून माणूस स्वतःच काळा-निळा होतो."

"दादा, तुझ्या दुकानातून कुणी तुझा चष्मा उचलून नेला आणि वर तूच आंधळा म्हणून गावभर सांगितलं, तर सोडशील?"

हे स्वतःचा चष्मा पुसायला लागले. हे चांगले आहेत, पण यांना भांडण झेपत नाही.

मी देवाकडे मागायला लागले. रोज, हात जोडून, स्पष्ट शब्दांत. त्याला पाड. एवढंच. मग एक दिवस मध्येच दचकले, कारण तो माणूस विमान चालवतो आणि त्याच्यामागे शेकडो जीव बसलेले असतात. तेव्हापासून मागणं सुधारून घेतलं: देवा, त्याला पाड, पण जमिनीवर पाड.

सुईने नोकरी धरली ती विमानांची नियंत्रणं बनवणाऱ्या एका कंपनीत. तिथे फ्लॅप आपोआप हलावेत यासाठी एक यंत्रणा तयार करायचं काम निघालं होतं, त्यात ती स्वतःहून शिरली. चढताना-उतरताना पायलटला शंभर व्यवधानं असतात: वेग बघ, वजन लक्षात ठेव, कोणत्या वेगाला कोणता टप्पा ते आठव, टॉवरला उत्तर दे, शेजाऱ्याचं ऐक. त्यातलं फ्लॅपचं ओझं यंत्राने उचलायचं. वेग, उंची, वजन बघून ते स्वतःच फ्लॅप आत-बाहेर करणार. दांडी राहणार, पण चुकीच्या वेळी कुणी ओढली तर यंत्र ऐकणार नाही. मुद्दामच करायचं असेल तर वेगळं झाकण उघडून बटण दाबावं लागेल.

एका रविवारी आम्ही दोघी भाजी निवडत बसलो होतो. मी विचारलं, "हे सगळं पायलटचा भार हलका व्हावा म्हणून?"

"कागदावर तसंच लिहिलंय."

"आणि खरं?"

तिने देठ कचकन मोडला. "खरं म्हणजे मला ती दांडी त्याच्या हातातून काढून घ्यायची आहे."

वर्षं गेली. तिच्या केसांत रुपेरी आलं, माझे गुडघे धरले. यंत्रणा तयार झाली, आणि ती घेणार होती तिचीच जुनी कंपनी. पण घ्यायची की नाही हे ठरवायला अनुभवी पायलटांची समिती नेमली, आणि समितीचा मुख्य पायलट कोण, तर मिशा. आता त्या पांढऱ्या झाल्या होत्या, पण पीळ कायम. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगून टाकलं, "पायलटचा हात तो पायलटचा हात. आम्हाला आया नकोत." सुईकडे बघून ओळखीचं हसले. "अरे, तू इथे आहेस होय? छान, छान. जमिनीवर बरी रमलीस."

त्यांनी नाही म्हटलं असतं तर काम गुंडाळलं जाणार होतं आणि सुईची तुकडी मोडणार होती. म्हणजे आधी त्याने तिचं आकाश घेतलं, आता जमीनही घेणार. ती त्या दिवशी घरी आली ती बूट न काढताच स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, चाचणीत तो चुकणार नाही. हुशार आहे. हात बसलेला आहे त्याचा. सगळं नीट करून दाखवेल आणि म्हणेल, बघा, यंत्राची काय गरज."

मी कणीक मळत होते. म्हटलं, "चाचणीत त्याच्या मागे कोण बसणार?"

"कुणी नाही. का?"

"चहात मीठ घातलं तेव्हा समोर आपण सगळे बसलो होतो. एकट्याने चहा पिताना घातलं नसतं. त्याला ऐकणारे लागतात. ऐकणारे मिळाले की गोष्ट सुरू, आणि गोष्ट सुरू झाली की हात बेवारशी."

सुईने तिथेच बसून बूट काढले. मग म्हणाली, "समितीने मागे बसून बघावं, असं मी सुचवू शकते. सगळ्याच पायलटांच्या वेळी. नियमात बसतं ते."

"मग बसव."

"वहिनी, तुम्ही सकाळी इतका वेळ देवापुढे बसता..."

"त्याच्याशी याच विषयावर बोलते," मी म्हटलं.

चाचणी खऱ्या विमानात नव्हती. मोठ्या दालनात कॉकपिटची हुबेहूब खोली असते, ती लोखंडी पायांवर उभी राहून डुलते, खिडक्यांत पडद्यावरची धावपट्टी दिसते. पाय फरशीत बोल्ट मारून पक्के केलेले. सुईने हे सांगितलं तेव्हा माझ्या मनात आलं, माझं सुधारलेलं मागणं देवाने नीट ऐकलेलं दिसतंय.

मिशा डावीकडच्या खुर्चीत. उजवीकडे एक तरुण मुलगी, नवी पायलट, विमान ती चालवणार होती. मागच्या जागांवर समितीचे लोक आणि समितीच्या अध्यक्षबाई. सुई बाहेर, आकडे दिसणाऱ्या पडद्यांपाशी, कानाला आवाज लावून.

पहिलं उड्डाण चोख झालं. मिशा तोंडातून चकार शब्द काढेनात. दुसरंही चोख. सुई सांगते, तिला वाटलं, संपलं. तेवढ्यात तिसऱ्याच्या आधी अध्यक्षबाईंनी सहज विचारलं, "कॅप्टन, ते वादळातलं लँडिंग तुमचंच ना? आमच्याकडे अजून नाव काढतात." सुईने त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. तिने देवाची शपथ घेऊन मला हे सांगितलंय आणि माझ्यापुढे देवाची खोटी शपथ घ्यायची तिची छाती नाही.

मिशा खुलले. विमान धावलं, उचललं, आणि ते मागे अर्धवट वळून सांगतच होते. मुलगी म्हणाली, "गिअर अप." मिशांचा हात गेला आणि चपटी मूठ धरून दांडी वर सरकली.

काहीच झालं नाही. यंत्राने ऐकलं नाही. फ्लॅप होते तिथेच राहिले, समोर एक पिवळा दिवा लागला, तो मिशांनी बघितलासुद्धा नाही. मुलगी पुन्हा म्हणाली, "सर, गिअर अप." "हो, हो," म्हणत त्यांनी चाकं आत घेतली आणि वादळ पुढे चालू ठेवलं. वेग आल्यावर यंत्राने स्वतःच, आपल्या वेळेला, फ्लॅप आत घेतले.

नंतर बैठकीत मिशा पाय पसरून बसले. "तिन्ही उड्डाणं बघितलीत. कुठे अडलं? यंत्राने काय मोठं केलं? मी नामंजूर लिहितो."

सुई उठली. "सर, एक नोंद दाखवायची आहे." पडद्यावर दोन रेघा आल्या. एक दांडीची, ती जमीन सुटताच टुणकन वर गेलेली. दुसरी फ्लॅपची, सरळच्या सरळ.

अध्यक्षबाईंनी चष्मा लावला. "ही दांडी कुणी हलवली?"

मिशांनी पापणीही हलू दिली नाही. "तिने सांगितलं, फ्लॅप वर घ्या. घाबरते पोरगी. मी विश्वास ठेवला, एवढीच माझी चूक."

शब्दाला शब्द. इतक्या वर्षांनी तेच नाणं, घासून गुळगुळीत झालेलं. ती तरुण मुलगी पांढरीफटक पडली. मागे बसलेल्यांतलं कुणी बोलेना, कारण सगळे गोष्ट ऐकत होते, तिचं बोलणं कुणी ऐकलंच नव्हतं. 

"आवाज ऐकू या का?" सुईने विचारलं.

या वेळी काही पुसलं गेलेलं नव्हतं. खोलीभर मिशांचं वादळ घुमलं, त्यात त्या मुलीचं स्वच्छ "गिअर अप", मग पुन्हा "सर, गिअर अप", आणि मिशांचं "हो, हो". फ्लॅपचा शब्द कुणीच उच्चारला नव्हता.

कुणीतरी खाकरलं. सुई एवढ्यावर थांबली असती तर मी तिला जाब विचारला असता. ती थांबली नाही. म्हणाली, "यंत्र नसतं तर काय झालं असतं, हाही प्रश्न आहे. तेच उड्डाण, तोच क्षण, यंत्र बंद करून आत दाखवते. सर, तुम्ही बसा ना खुर्चीत. तुमचंच उड्डाण आहे."

नाही म्हणायची सोय नव्हती. सगळे बघत होते. मिशा जाऊन बसले. पडद्यावर धावपट्टी सुटली, दांडीची मघाची नोंद पुन्हा लागू झाली, फ्लॅप आत गेले आणि खोली नाकाने कलंडली. सुई बाहेरून बघत होती. त्या दिवशी विमान सावरणारे हात तिचे होते. आता त्या खुर्चीत कुणाचेच हात नव्हते, आणि तिने आपले हात पाठीमागे बांधून घेतले होते. छपरं मोठी होत आली. गच्चीवरच्या टाक्या आल्या. मिशांनी खुर्चीचे हात धरले, पाय आखडले, आणि पडदा लाल होऊन थांबला.

"उतरा सर," सुई म्हणाली. "झालं."

मंजुरीच्या कागदावर मुख्य पायलट म्हणून सही त्यांनाच करावी लागली. त्याच कागदात, चुकीची दांडी कुणी ओढली तेही लिहिलेलं होतं.

दोन दिवसांनी मिशा आमच्या दारात उभे. हे घाबरून चपला शोधू लागले, जणू यांनाच कुठेतरी जायचं होतं. मी त्यांना बसायला सांगितलं, त्याच खुर्चीत. सुई समोर.

"अध्यक्षबाई जुनी चौकशी उघडतायत," मिशा म्हणाले. "मी तसाही निवृत्त होतोय. तू एवढंच सांग, की जुन्या गोष्टी आता नकोत. तुझं काम मंजूर झालं. आणखी काय पाहिजे?"

"त्या दिवशी मी काय म्हटलं होतं?" सुईने विचारलं.

"इतक्या वर्षांनी कुणाला आठवतंय..."

"तुम्हाला वादळ आठवतं, वाऱ्याच्या वेगासकट. हेही आठवेल."

मिशांनी खाली बघितलं. "गिअर अप," ते हळूच म्हणाले.

"माझ्यापुढे नको. त्या लोकांपुढे म्हणा. चौकशीच्या त्याच खोलीत. घाबरली होती पोरगी, हेही परत घ्या, तुमच्या तोंडाने."

"माझी निवृत्ती, मानसन्मान... थोडी दया कर गं. तुझ्या वडिलांच्या वयाचा आहे मी."

"माझे वडील असते तर खरं बोलले असते."

मी चहा आणला. बिनसाखरेचा आणला, आणि वाटी पुढे ठेवली. मिठाची. त्यांनी वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांना आठवलं होतं. मी म्हटलं, "घ्या ना. आमच्याकडची साखर जरा वेगळी आहे." हे आतल्या खोलीत खोटं खोटं खोकले. मिशांनी चहा तसाच, कडू, घोट घोट करून संपवला. मी कप उचलायला उभीच होते, त्यामुळे सोडताही येईना.

गेल्या आठवड्यात ते त्या खोलीत बोलले. सुई दाराजवळ उभी होती. कागद न बघता बोला, असं अध्यक्षबाईंनी सांगितलं होतं. ते म्हणाले, तिने गिअर अप म्हटलं होतं, दांडी मी चुकीची ओढली, आणि तिच्यामुळे विमान वाचलं. आवाज भारदस्त नव्हता. निवृत्तीचा समारंभ रद्द झाला. भिंतीवरचा त्यांचा फोटो काढला, तिथे आता नुसता चौकोन दिसतो, म्हणते सुई, आणि कामाशिवाय तिथून एखादी चक्कर मारून येते. तिला उडायची परवानगी परत मिळाली. यंत्रणा बसवलेलं पहिलं विमान तीच नेणार आहे. नवा गणवेश शिवायला टाकलाय; जुन्या शर्टाची फडकी मी टाकलेली नाहीत, ओटा त्यांनीच पुसते.

त्या संध्याकाळी यांनी विचारलं, "आता तरी झालं ना समाधान?"

"अर्धं," सुई म्हणाली, आणि पोळी मागून घेतली.

आज सकाळी देवापुढे बसले. हात जोडले, डोळे मिटले, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडून तेच निघालं: देवा, त्याला पाड, पण जमिनीवर पाड. अर्ध्यात लक्षात आलं, की आता पाडायला काही उरलेलं नाही. तरी वाक्य पुरं केलं, आणि मग फुलं वाहिली.